प्रोसेसरला पाजलेलं पाणी

पद्मिनी खोब्रागडेला आपल्या काटेकोरपणाचा भारी अभिमान होता. नागपूरहून मॅसॅच्युसेट्सला येताना तिनं दुसरं फारसं काही आणलंच नव्हतं. शहाऐंशीच्या हिवाळ्यात कंपनीनं तिच्यावर पहिली स्वतंत्र चाचणी सोपवली. नव्या प्रोसेसरला पंख्यांचा वारा पुरेना, म्हणून तांब्याच्या नळ्यांतून पाणी फिरवून तो गार ठेवायचा होता. यंत्रणा डॉयल नावाच्या म्हाताऱ्या कारागिराची. पद्मिनीनं पास केली तर ऑर्डर त्याची, नाहीतर त्याच्या वर्कशॉपला कुलूप.

प्रोसेसर छान गार राहिला. मग पाण्यातले क्षार दाखवणारा काटा एकाएकी चढला. तांबं पाण्यात उतरतंय, असं पद्मिनीनं ठरवलं आणि यंत्रणा नापास केली. फोनवर डॉयल म्हणाला, "उद्या येऊन घेऊन जातो, मॅडम."

संध्याकाळी श्रूजबरी गावातल्या तिच्या घरी दीर जेवायला होता. कुमार, केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारा. पद्मिनी रंगात आली होती.

"बर्फामुळे डिस्टिल्ड वॉटरचा ट्रक कॅन्सल झाला. नळ्यांतलं पाणी मध्येच कमी पडलं, पण मी टेस्ट थांबू दिली नाही! घरून पाणी नेलं. खळखळून उकळलं, दुहेरी फडक्यातून गाळलं, मग भरलं."

कुमारचा घास हातातच राहिला. "वहिनी, जंतू मेले. क्षार कुठे गेले?"

पद्मिनीनं हातातला डाव खाली ठेवला.

"प्रोसेसरला काय कावीळ होणार होती?" कुमार हसत सुटला.

नवरा, अतुल, भाताकडे बघत म्हणाला, "हसू नकोस यार. आपण तेच पितोय."

काविळीच्या साथीत आईनं लावलेल्या सवयीपुढे पद्मिनीचं एम.टेक. पार वाहून गेलं होतं. एवढी हुशार बाई, आणि यंत्राला आजाऱ्यासारखं जपत बसली! तिला स्वतःचंच हसू आलं. मग डॉयलचा आवाज आठवला आणि ते आटलं.

सकाळी तिनं नळ्या धुऊन नुकतंच आलेलं डिस्टिल्ड वॉटर भरलं. काटा खाली आला आणि तिथंच राहिला. डॉयल रिकामा खोका घेऊन दारात उभा होता.

"तुमच्या नळ्या ठीक आहेत. पाणी मी चुकीचं भरलं होतं. यंत्रणा पास आहे, मिस्टर डॉयल."

तो खोक्यावरच बसला. स्वतःचे हात उलटसुलट करून बघत म्हणाला, "मला वाटलं, आता हे गेले."

पद्मिनीनं गाडीत एक विनोद जुळवून ठेवला होता, पाणी उकळलेल्या पातेल्याचा. तो तिनं गिळला. खुर्ची ओढून ती त्याच्याजवळ बसली.