चिठ्ठी पोचली का

लग्नपत्रिका हातात आली की आमच्या शाळेतल्या बाई ती आधी उलटी करून बघायच्या. मुलगी कुणाची, मुहूर्त कधीचा, हे सगळं नंतर. मागची बाजू कोरी निघाली की खूश. "दोन चिठ्ठ्या होतील," म्हणायच्या, आणि पत्रिका पिशवीत.

कुडपणच्या बाजूला, डोंगरावरच्या एका वाडीत आम्ही दोघं शिक्षक होतो. दर शनिवारी बाई पोरांकडून आभाराच्या चिठ्ठ्या करून घेत. काठाला हळदीची वेलबुट्टी. वाडीत वाचता येणारी माणसं चार-दोन, म्हणून पोरानं ज्याचे आभार त्याच्यासमोर उभं राहून चिठ्ठी वाचायची. वर्गात तालीम चाले. कुणी भरभर वाचलं की बाई म्हणत, "घाईत वाचलेलं पोचत नाही. परत वाच."

मला हे शहरी खूळ वाटायचं. आपल्याकडे आभार परक्याचे मानतात, घरच्यांचे नाही, हे मी त्यांना बजावलं होतं. ऐकतील तर शपथ.

व्हायचं तेच झालं. चौथीतल्या एका मुलीनं आईसमोर वाचलं, 'भाकरी दिल्याबद्दल मी तुझी आभारी आहे.' दुसऱ्या दिवशी आई शाळेच्या दारात.

"पोटच्या पोरीनं आभार मानायचं? मी काय परकी हाय? उद्यापासून ती गुरांमागं जाईल. शाळा नाय."

पोरगी हुशार होती. बाई त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. मीही मागोमाग. पाट पुढे केला तर तो बाजूला सारून त्या चुलीपुढं भुईवर बसल्या. "चूक माझी," म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "आभार खोड. आईला काय करताना पाहिलंस, तेवढंच लिही."

मुलीनं तिथंच लिहिलं, वाचलं. 'आई, तुझ्या पायात काटा होता तरी तू झऱ्यावरून दोनदा पाणी आणलंस. मी पाहिलं.'

आई कितीतरी वेळ लाकडं सारखी करत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "जा उद्या शाळंत."

पुढच्या मे महिन्यात बाईंची बदली झाली. जूनमध्ये ती आई शाळेत आली, हातात हळदीच्या काठाची चिठ्ठी. शब्द तिचे, अक्षर मुलीचं. बाईंची बदली झाल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

"तुमीच वाचा त्यांच्याम्होरं," ती म्हणाली. "पन घाई नका करू."

सवडीनं जाऊ म्हणत मी सगळा पावसाळा घालवला. ते मला अजून खुपतं. दिवाळीत गेलो तेव्हा बाई महाडला भावाकडे अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी चिठ्ठी काढली. 'बाई, तुम्ही माझ्या चुलीपुढं भुईवर बसलात. चूक माझी म्हणालात. शिकलेल्या माणसाला असं म्हणताना मी पहिल्यांदा बघितलं.'

बाईंकडे बघवेना, म्हणून मी भरभर उरकलं. बाईंचे डोळे मिटलेले होते.

"गुरुजी, परत वाचा."

मी परत वाचलं, सावकाश.

पंधरा दिवसांत बाई गेल्या. ते सांगायला मी वाडीवर चढलो. ती आई बांधावर गवत कापत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. विळा खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं, "चिठ्ठी पोचली का?"

"पोचली," मी म्हटलं. "दोनदा वाचून घेतली."