सकाळची पहिली लघवी

माझी मुलगी साडेचार वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे आम्हाला उशिराच कळलं, तेही कितीतरी दवाखाने पालथे घातल्यावर. नगरच्या ज्या डॉक्टरबाई तिला तपासायच्या, त्यांनी एकदा विचारलं, "एका संशोधनासाठी हिच्या लघवीचा नमुना द्याल का?" अशा मुलांच्या लघवीत काही घटक कमी-जास्त असतात का, ते त्यांना बघायचं होतं. तसं आढळलं तर पुढं लहान वयातच ओळखायला मदत झाली असती.

नातीसाठी जामखेड सोडून आमच्याकडे केडगावला राहायला आलेले सासरे शेजारीच बसले होते. "म्हंजी दुखणं लघवीत हाय व्हय?"

"नाही आजोबा. शरीरात जे चालतं त्याच्या खुणा लघवीत उतरतात. त्या शोधतोय. अजून खात्री नाही."

"मंग घ्या की. आपलं काय जातंय?"

जाणार होता तो माझा जीव. सकाळची पहिली लघवी हवी, आणि बाटली दिसली की पोरगी पाय आवळून उभी. एकदा तिनं बाटली भिरकावली. दुसऱ्या सकाळी सगळं माझ्या गाऊनवर.

शेवटी सासरे बाथरूमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. "तू गप ऱ्हा जरा," म्हणाले, आणि बैलांना पाणी पाजताना घालायचे तशी शीळ घालू लागले. संथ, लांबलचक. ती त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली, खुदकन हसली, आणि मी बाटली पुढं धरली.

"भरली!" मी ओरडले. तिनं कान झाकले.

"वरडू नगं, दचकलं ना लेकरू."

बाटली ठेवलेला बर्फाचा डबा मांडीवर घेऊन सासरे रिक्षात बसले. दवाखान्यात मी विचारलं, "रिपोर्ट कधी?"

"तिचा वेगळा रिपोर्ट मिळत नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पुष्कळ मुलांचे नमुने एकत्र बघावे लागतात." हे त्यांनी आधीही सांगितलं होतं. तरी माझं मन खट्टू झालं. तिला असं का झालं, ते कुठल्यातरी कागदावर लिहून येईल, असं मला आतून वाटत होतं.

परतताना सासरे म्हणाले, "एखाद्या लेकराचं लवकर कळलं, तर त्याच्या आईची वणवण वाचंल. आपल्या पोरीनं तेवढं केलं." ती आमच्या दोघांमध्ये बसून त्यांच्या सदऱ्याचं बटण फिरवत होती. मी तिचे केस मागे सारले.

त्या संशोधनाचं पुढं काय झालं, अजून कळलेलं नाही. पण नमुना दिल्याचं सासऱ्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. शेजारणीनं विचारलं, "काय निघालं हो तपासणीत?"

"पैला नंबर," ते म्हणाले, आणि नातीला खांद्यावर घेऊन फिरायला निघाले.