छाती नव्हे, स्तन

एका सकाळी माझ्या ब्लाउजला डाव्या बाजूला आतून रक्ताचा डाग दिसला. गाठ नाही, दुखणं नाही, नुसता डाग. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या थोरल्या मावशीचं असंच सुरू झालं होतं आणि ती त्यातच गेली. मी जाम घाबरले.

नवऱ्याला घेऊन पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत हाच म्हणाला, हिला छातीत त्रास होतोय. झालं! कार्डिओग्राम काढला, छातीचा एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल, घ्या ॲसिडिटीच्या गोळ्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हृदय म्हणे ठणठणीत! अहो, पण हृदयाचं विचारलं होतं कोणी?

डाग पुन्हा आला तेव्हा मी एकटी गेले. दवाखाना गच्च भरलेला. कंपाउंडरने खिडकीतून विचारलं, छातीचंच ना?

"छाती नाही, स्तन," मी म्हटलं. "स्तनातून रक्त येतंय."

बाकावरचे पुरुष पेपरात तोंड खुपसून बसले. बसू देत. ज्यावर यांची पोरं वाढली त्याचं नाव घ्यायची लाज, आणि बाई मेली तर चालेल?

डॉक्टरांनी मुकाट्याने मुंबईला मॅमोग्राफीसाठी पाठवलं. मशीनच्या दोन पाट्यांत दाबून फोटो काढला, डोळ्यांत टचकन पाणी आलं. फोटोत काहीच नव्हतं. तिथले डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. मी खुर्चीतून उठलेच नाही. म्हटलं, मग रक्त कुठून येतंय ते दाखवा. शेवटी दुधाच्या नळीत औषध सोडून पुन्हा फोटो काढला, तेव्हा आत तांदळाएवढं काहीतरी दिसलं. ते ऑपरेशन करून काढलं. कॅन्सर नव्हता. रिपोर्ट ऐकून नवरा तिथेच रडला.

घरी आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याच शब्दात, काय झालं होतं ते सांगितलं. दुपारी मी स्वयंपाकघरात असताना सासूबाई आल्या, दार लोटलं आणि माझा हात धरून पदराखाली नेला. बोटांना टणक गाठ लागली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नातू झाला तेव्हापासून."

नातू चौथीत होता. मी गॅस बंद केला. "आई, पातळ बदला," म्हटलं, "आत्ताच निघायचं. आणि तिथे तुम्ही बोलायचं."