सुभेदारांची रेल्वेतली आंघोळ

फिरस्त्या माणसाच्या बॅगेत साबणाचे तुकडे साठत जातात. कुठल्या गावचे, कधीचे, पत्ता लागत नाही आणि टाकवतही नाहीत. आमच्या आंघोळीच्या किश्शांचं तसंच झालंय. विश्रामबागेत सकाळी फिरायला जाणारं आमचं टोळकं दर हिवाळ्यात एक लांब पल्ल्याची गाडी पकडतं. बाकीची माणसं प्रवासाहून आली की देवळं सांगतात, किल्ले सांगतात. आम्ही बाथरूम सांगतो. त्याला कारण सुभेदार आप्पा.

आप्पा मूळचे शिराळ्याकडचे, फौजेतनं रिटायर झालेले. त्यांचा नेम एकच. पारोशानं तोंडात काही घालायचं नाही. आंघोळीआधी चहासुद्धा वर्ज्य. आता आप्पा वयानं सगळ्यांत मोठे, त्यामुळे त्यांच्या आधी आम्ही कुणी खात नाही. आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या अक्का, सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय स्वतः घास घेत नाहीत. थोडक्यात, आप्पांच्या डोक्यावर पाणी पडेपर्यंत पाच माणसं उपाशी. रेल्वेच्या टाकीवर इतका भरवसा दुसऱ्या कुणी टाकला नसेल.

एकदा मी विचारलं, "आप्पा, फौजेत असताना तुम्ही जम्मूवरनं सुट्टीला यायचा. दोन-दोन, तीन-तीन दिवस गाडीत. तेव्हा कसं करायचा?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. "फौजेतलं गुपित बाहेर सांगत न्हाईत, गड्या."

*

पहिल्या वर्षी स्लीपरचं तिकीट होतं. सकाळी आप्पा टॉवेल, साबणाची डबी घेऊन निघाले. तांब्या घरी राहिलेला. पण संडासात स्टीलचा मग असतो की. असतो, फक्त तो साखळीनं भिंतीला बांधलेला असतो. आणि ती साखळी बेतानं दिलेली असते. तो मग डोक्यापर्यंत येईना, तेव्हा आप्पांनी डोकं मगापर्यंत नेलं.

बाहेर रांग लागली. एक गृहस्थ दार ठोकून ठोकून दमले. मला म्हणाले, "आत काय चाललंय हो?"

"आंघोळ."

"इथं?"

"सुभेदार आहेत ते."

गृहस्थ पलीकडच्या डब्यात गेले. आप्पा बाहेर आले तेव्हा केस ओले, भांग पाडलेला आणि मान डावीकडं वळलेली. ती पुढं दोन दिवस तशीच होती. फोटोत ते सगळीकडं कुणाला तरी ओळखल्यासारखे दिसतात.

*

दुसऱ्या वर्षी आमच्या बापूनं मनावर घेतलं. बापू वाळव्याकडचा, उसाचा बागायतदार. पाण्याचा प्रश्न म्हटलं की त्याला आपलं शिवारच दिसतं. रेल्वेचा नळ खालून तळव्यानं दाबून धरावा लागतो. हात काढला की पाणी बंद. बापू म्हणाला, "सोप्पं हाय. नळाला नळी जोडायची. एकानं बाहेरनं हात घालून नळ दाबायचा, आप्पांनी दोन्ही हातांनी निवांत आंघोळ करायची."

माझं नळ-पाइपचं दुकान असल्यामुळे जोडणीचं काम माझ्याकडं आलं. बापूनं रानातनं नळी आणलेली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मी ती घट्ट बसवली. बापूनं दार किलकिलं ठेवून आत हात घातला आणि नळ दाबला. आप्पा नळी डोक्यावर गुंडाळून उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"आप्पा, येतंय का पाणी?"

"येतंय. थेंब थेंब येतंय."

नळी ठिबकची होती. उसाच्या बुंध्याला जेवढं लागतं तेवढंच पाणी देणारी.

बापूच्या हाताला मुंग्या आल्या तेव्हा आप्पांचा डावा खांदा भिजला होता. "उसाला ह्यात रात काढावी लागती," बापू म्हणाला, "तुमी तर माणूस हाय."

*

आमच्यातले मास्तर भूगोल शिकवायचे. रिटायर झाल्यावर साताऱ्याला जाऊन राहिले, पण सहलीला येतातच. सकाळी घरी कढत पाण्यानं आंघोळ करतात, रिक्षा करून गावाबाहेरच्या स्टेशनवर येतात आणि आमच्या डब्यात चढून सगळ्यांना वास घेतल्यासारखं बघतात.

मास्तरांची नजर फार बारीक. एकदा चार दिवसांच्या प्रवासाहून परतताना आप्पांची साबणाची डबी उघडी होती. मास्तरांनी चष्मा वर केला.

"सुभेदार, वडीवरची अक्षरं अजून वाचता येतायत."

"मग?"

"चार आंघोळी झाल्या म्हणून म्हटलं."

आप्पांनी डबी शांतपणे बंद केली. "रेल्वेचं पानी मऊ असतंय, मास्तर. साबण झिजत न्हाई. भूगोलात हे न्हाई व्हय?"

मास्तर साताऱ्यापर्यंत विचार करत बसले.

*

अक्कांचं मात्र कधी काही ऐकू आलं नाही. पहाटे डोळा लागलेला असतो तेवढ्यात त्या पाण्याची एक बाटली घेऊन जातात. आम्ही उठतो तेव्हा लुगडं बदललेलं, अंबाडा घातलेला, कपाळाला कुंकू आणि पिळून वाळत घातलेला टॉवेल. एका बाटलीत. मी पाइपांच्या धंद्यात पंचवीस वर्षं आहे, मला हा हिशोब अजून जमलेला नाही.

मी आप्पांना म्हटलं, "अक्कांना विचारा की कसं करतात."

"बायकांस्नी पानी कमी लागतंय," आप्पा म्हणाले.

अक्का त्या वेळी ओला टॉवेल झटकत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या खुंटीवरच्या कोरड्या टॉवेलकडं एकदा बघितलं आणि आपला त्याच्याशेजारी टांगला.

*

गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, एकदा आप्पांची साग्रसंगीत आंघोळ होऊनच जाऊ दे. पाचही जणांनी फर्स्ट एसीचं तिकीट काढलं. कारण त्या डब्यात शॉवर असतो म्हणे. खरंच होता. वेगळी खोली, भिंतीला हात धरायला दांडा, गरम पाण्याचा नळ. अटेंडंटनं दार उघडून असं दाखवलं, जसं काही नवरी दाखवतोय.

आप्पा थोडे गंभीर झाले. "आज ऱ्हाऊ दे. थंडी हाय."

"गरम पाणी आहे, सुभेदार," मास्तर म्हणाले. "आणि साबण आहेच तुमच्याकडं. कोराच आहे."

मग इलाज नव्हता. आप्पा आत गेले. आम्ही शेजारच्याच केबिनमध्ये दार उघडं ठेवून शॉवरचा आवाज ऐकत होतो. बापूच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. अक्कांनी फडकं सोडलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. वासानं आमचे जीव कासावीस झाले.

आणि आवाज बंद झाला.

एवढ्या लवकर? आम्ही दाराशी गेलो. आतनं आप्पा म्हणाले, "गड्या, पानी गेलं."

"किती झाली आंघोळ?"

"साबण लावून झालाय."

अटेंडंट धावत आला. टाकी संपली, आता मोठ्या स्टेशनवरच भरणार. मास्तरांनी मोबाइल काढला. "अडीच तास. गाडी वेळेवर असेल तर."

मग आप्पांचा आवाज आला. मी तो आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"आवं मास्तर, ही आंघोळ धरायची का न्हाई?"

म्हणजे नेमाचाच प्रश्न होता. पारोसं की आंघोळलेलं? आतला माणूस डोक्याला फेस लावून उत्तराची वाट बघत होता आणि बाहेर पाच जणांचा नाष्टा निवत होता.

मास्तर म्हणाले, "डोक्यावरून एकदा पाणी गेलंय. धरायला हरकत नाही."

बापूनं मान हलवली. "न्हाई मास्तर. निम्मं रान भिजलं म्हंजी पाण्याची पाळी झाली म्हणत न्हाईत. परत पाणी सोडून दारं धरायला लागतं."

"मी नळवाला आहे," मी म्हटलं, "मला नेमातलं काही विचारू नका."

आतनं आप्पा म्हणाले, "मग तिला इचारा."

आम्ही तिघांनी मागं वळून बघितलं. अक्का बर्थवर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर फडकं. त्यांनी एक धपाटा उचलला, दोन तुकडे केले, चटणी लावली. दाराकडं न बघता, पण दारापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"धरा की. आतापत्तूरच्या समद्या धरल्या, मग हिनंच काय पाप केलंय?"

आणि आमच्या समोर, आप्पांच्या आधी, पहिला घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.