लाल शाईतली नोकरी

माझ्या रागाचा कुणाला कधी उपयोग होईल, असं मला वाटलं नव्हतं. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शहादा तालुक्यातल्या केंद्रावर मी तंत्रसहायक आहे. आमचं काम कपाशीचे नवे वाण तयार करायचं. दुपारनंतर बायका कळी सोलून नखाने पुंकेसर काढतात, कळीवर लाल कागदाची टोपी घालतात आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. एक जरी पुंकेसर राहिला तरी बोंड बिघडतं. म्हणून प्रत्येकीने आपली खूण केलेली चिठ्ठी फुलाला बांधायची. जिजीची खूण तीन टिंबं.

जिजी कळसाडीहून यायची. हात चलाख, पण तोंड त्याहून चलाख. गप्पांच्या भरात कळी चुकली की मी तिची चिठ्ठी तोडून शेतवहीत डकवायचो आणि शेजारी लाल शाईने तारीख, तिचं नाव आणि तक्रार लिहायचो. "लक्ष बोलण्यात." "सांगून ऐकत नाही." खाली साहेबांची सही. जिजीने मात्र एकही चूक कधी कबूल केली नाही. "ती चिठ्ठी मन्ही नही" हे तिचं ठरलेलं उत्तर.

यंदा ती निवृत्त व्हायची होती, तेव्हा कळलं की पेन्शनला लागते तेवढी सेवा भरत नाही. कायम होण्याआधी ती कित्येक हंगाम रोजंदारीवर होती, पण त्या काळचे हजेरीपट व्यवस्थापनाने स्वच्छता पंधरवड्यात रद्दीत घातले होते. शेतवह्या मात्र कपाटात कुलूपबंद. कोणत्या बोंडाचा बाप कोण, याचा कागद आमच्याकडे होता. ते बोंड तयार करणारी बाई कुठेच नव्हती. मी संतापून मुख्यालयाला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच, पुरावा जोडा.

तेव्हा मला माझी लाल शाई आठवली.

रोजंदारीच्या काळातल्या त्या वह्या मी पुरावा म्हणून जोडल्या, तेव्हा सुनावणीला मुख्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. त्या कडक होत्या. पहिली वही उघडून त्यांनी तक्रार मोठ्याने वाचली आणि विचारलं, "ही चिठ्ठी तुमची? चूक तुमच्याच हातून झाली?"

जिजीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं माझ्यासमोर न वाकलेली बाई. ती नाही म्हणाली असती तर तो हंगाम गेला असता.

तिने पदर नीट केला. "हां बाई, मीच कयी. कळी सोलानी ऱ्हाई गयी."

दुसरी वही. "मीच कयी." तिसरी. पाचव्या वहीपर्यंत जिजी रंगात आली. कोणती कळी का चुकली, शेजारणीने तेव्हा काय सांगितलं, सगळं हातवारे करून सांगू लागली. "उलट उत्तर देते" हे वाचताना अधिकारी बाईंना हसू आवरेना. प्रत्येक कबुलीला एक हंगाम मंजूर होत गेला.

आदेश आला त्या दिवशी जिजीने सगळ्यांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणला. बांधावर पंगत बसली. मी इतका खूश होतो की ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी खातच राहिलो. जिजीने आदेश माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, मधली दोन सालं त्यात का नाहीत? पेन्शन बसली होती, पण ती दोन सालं मोजली गेली असती तर आणखी थोडी वाढली असती.

मी तिला खरं ते सांगितलं. त्या दोन वर्षांत तिच्या हातून एकही कळी चुकली नव्हती, आणि चांगल्या कामाची नोंद मी कधी केलीच नाही. सांगताना मला लाज वाटली.

जिजीने माझ्या पानात आणखी एक भाकर वाढली. "भाऊ," ती म्हणाली, "ते दोन साल तू मन्हावर काबर नही चिडना?"