घडीव थकत नाहीत

तो नियम मी लिहिला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यातून स्वतःला वगळायची माझी इच्छा नाही.

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीने मराठीतून एक खेळ काढायचं ठरवलं होतं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एका कल्पित जगातलं एकेक पात्र होतो आणि सूत्रधार म्हणून बसलेला माणूस संकटं उभी करत जातो. आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. जळगावात मी, एक मित्र आणि एक मैत्रीण असे आम्ही तिघं हा प्रकार इंग्रजी पुस्तकांवरून बरीच वर्षं खेळत होतो. त्या ओळखीतून मला काम मिळालं. खेळाडूंना निवडता येईल अशी यंत्रांची एक जमात तयार करायची होती. मी तिला नाव दिलं 'घडीव'. पितळेचे सांधे, छातीत फिरतं चाक, बोलताना येणारी घरघर, सगळं मन लावून रंगवलं. आणि पहिल्याच मसुद्यात मोठ्या ऐटीत लिहिलं : 'घडीव थकत नाहीत. त्यांना भूक नाही, झोप नाही. दिलेला हुकूम ते मोडत नाहीत.'

संपादक जाम खूश झाला. "मॅडम, एक नंबर," असं त्याने कळवलं, आणि मीही दिवसभर हवेत होते. हे लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. अशा खेळांतली यंत्रं अशीच असतात हे वाचून वाचून पाठ झालं होतं. पण मी ज्या घरात वाढले त्या घरातल्या मुलीच्या हातून ते वाक्य उतरायलाच नको होतं. आजही आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

माझे वडील, म्हणजे नाना, शिरपूरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातली सरकी काढून रुई मोकळी करणाऱ्या मशीनांची रांग, आणि त्यांचा असा खडखडाट की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे. नाना पेचकसाचं एक टोक बेअरिंगवर टेकवत आणि दुसरं कानाला लावत. आत काय बिघडतंय ते त्यांना ऐकू येई. चाळिशीत त्यांचे कान गेले. मग ते पेचकस दातांत धरायला लागले. आईने कपाळाला हात लावला तेव्हा आपल्या अहिराणीत म्हणाले, "कान ग्यात ते काय जयं? दात शेतस ना."

एका हंगामात असंच दातांत पेचकस धरून त्यांनी ओळखलं की एका मशीनचं बेअरिंग जायला आलंय. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, मशीन बंद करा. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. तो म्हणाला, चालू दे. नानांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तू फिटर आहेस की मालक?" संध्याकाळच्या आत बेअरिंग तापून रुईने पेट घेतला. माणसं वाचली, रुईचा ढीग गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं : फिटरचा निष्काळजीपणा. सुपरवायझर दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता आणि माझा बाप घरी बसला. मी तेव्हा नववीत होते, सगळं कळण्याइतकी मोठी. एवढं सगळं ठाऊक असून मी ते वाक्य लिहिलं.

कधीही न खेळलेल्या माणसाकडून घडीव खेळवून पाहा, असं संपादकाने सांगितलं होतं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्याच मित्र-मैत्रिणीला घेऊन चोपड्यामार्गे शिरपूरला गेले. आईच्या हातची शेवभाजी खाऊन झाल्यावर नानांना टेबलाशी बसवलं, घडीवाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत त्यांनी तो वाचला. बोट थांबलं.

"हाई कोनी लिखं?" नानांचा आवाज नेहमीच अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा असतो.

"मी लिखं," मी हसत ओरडले.

त्यांनी कागद बाजूला सरकवला. खेळ सुरू झाला. मित्र सूत्रधार होता. त्याने एक जुना किल्ला उभा केला, मागे शत्रू लावला आणि दरवाजा वर धरून ठेवणारं एक चाक दिलं. आम्ही दोघींनी घडीवाला हुकूम सोडला : चाक धरून ठेव, आम्ही निसटतो. नानांनी फासे टाकले. पुन्हा टाकले. तिसऱ्यांदा त्यांनी फासे बाजूला सारले आणि हाताची पालथी बाजू टेबलाच्या कडेला टेकवली. बेअरिंग तापलंय का बघताना ते अशीच टेकवत.

"गरम व्हई गयं. थांबा."

मित्र वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "नाना, नियमात तसं नाही. हा माणूस नाही, मशीन आहे."

"मशीन शे म्हनीसनच सांगस," नाना म्हणाले. हात त्यांनी काढला नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आनि जो थांबू देस नही, त्याना नाववर लिखा. मशीनना नाववर नका लिखू."

मला रडू आलं, ते मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन आवरलं.

जळगावला परतल्यावर मी तो नियम नव्याने लिहिला. प्रत्येक अवघड कामागणिक घडीव तापत जातो. त्याने हात पालथा टेकवून 'थांबा' म्हटलं की थांबायचं. तरीही कुणी जबरदस्ती केली आणि काही बिघडलं, तर तो दोष घडीवाच्या कागदावर नाही, हुकूम देणाऱ्याच्या कागदावर लिहायचा. मी फोनवर आईला वाचून दाखवलं आणि तिने ते नानांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

संपादकाला तो आवडला नाही. "मॅडम, दमणारं यंत्र कोण निवडेल? आणि हुकूम देणाऱ्यालाच दोष दिला तर खेळाडू नाराज होतात." मी भांडले. जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. जिनिंग, पेचकस, चौकशीचा कागद, सगळं. तो म्हणाला, "फारच हृदयस्पर्शी आहे हो. प्रस्तावनेत घालू या का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रस्तावनेत म्हणे! माझा बाप शोभेला ठेवायचा आणि त्याचं म्हणणं तेवढं कापायचं. मी सांगितलं, नियम राहील, नाहीतर माझी जमातच काढून टाका. "बघतो," तो म्हणाला. या 'बघतो'वर मी विश्वास ठेवला, हा माझा दुसरा गाढवपणा.

पुस्तक छापून आलं आणि मित्राने विकत घेतलेल्या प्रतीत जुनाच नियम निघाला, तेव्हा मी फोन केला. आवाज चढवायची सोयच त्याने ठेवली नव्हती. शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही पदरचं काहीच घातलं नाही. पहिल्या मसुद्यातलं तुमचंच वाक्य आहे. खाली नावही तुमचंच आहे." मी फोन आपटला.

नानांना आधी बघायला मिळावं म्हणून लेखकाची प्रत मीच हौसेने शिरपूरच्या पत्त्यावर मागवली होती. पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा ते ओट्यावर बसले होते, पुस्तक मांडीवर उघडं. ओळीवर बोट होतं. पान उलटून त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि बोट परत तिथेच आणून ठेवलं.

"हाई कोनी लिखं?"

"मी लिखं," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मान माझ्याकडे वळवून हात कानामागे धरला. समोरच्या ओट्यावरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी वाकले आणि ओरडून पुन्हा सांगितलं.