राखीव यादीतली गिरणी

पुंजाराम गेली सव्वीस वर्षं सातपूरच्या पीठगिरण्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑर्डरींच्या टेबलावर आहेत. कोणी कोणती गिरणी मागवली, किती हॉर्सपॉवरची, कुठे पोचवायची, हे नीट लिहून घ्यायचं. नाशिक रोडहून निघण्याआधी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचं, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. माणूस शब्दाचा पक्का, असं वसाहतीत कोणीही सांगेल.

टेबलावर मात्र एक रीत जुन्या काळापासून चालत आली होती. पितृपक्षात नवं यंत्र मागवायचं नाही, म्हणून दुकानदार सांगायचे, "ऑर्डर घ्या, पण तारीख घटस्थापनेची टाका." पुंजाराम तशा ऑर्डरी राखीव यादीत ठेवत आणि घटस्थापनेला मुख्य यादीत चढवत. पंधरवड्याचाच तर प्रश्न, कोणाचं काही अडत नसे.

यंदा अडलं. ग्राहकांच्या निरोपांना उत्तरं द्यायला कारखान्याचे मालक मनोजशेठनी कॉम्प्युटरवर एआय एजंट बसवला होता. पेठकडच्या एका पाड्यावरच्या बचत गटाने नागली दळायला गिरणी मागवली होती. गटाची अध्यक्ष ललिता हिने भर बैठकीत मोबाईलवर विचारलं, आमची गिरणी कधी येणार? मिनिटभरात उत्तर आलं, "तुमच्या गटाच्या नावावर कोणतीही ऑर्डर नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच पुंजारामांना जड गेलं.

"दादा, मी तुमच्याशीच बोलले होते ना?"

"हो ताई. ऑर्डर आहे. राखीव यादीत आहे. पितृपक्ष म्हणून..."

"आमच्यात नाय पाळत तसं. तुम्ही मला इचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. सगळ्यांचं तेच तिचं, असं हातून आपोआप झालं होतं.

"बायका म्हणतात, ललिताने ऑर्डर दिलीच नाय, नुसत्या थापा मारल्या. शुक्रवारी दुसरी अध्यक्ष निवडणार हायेत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

एजंटचं काम बघणारी पायल शेजारच्याच खोलीत बसायची. पुंजाराम तिच्याकडे गेले, तेव्हा तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "काका, एजंटला दोन टूल, म्हणजे शोधायची साधनं, दिलीत. एक मुख्य यादीत शोधतं, दुसरं राखीव यादीत. कोणतं कधी वापरायचं, हे तो टूलच्या वर्णनावरूनच ठरवतो."

पहिल्याचं वर्णन होतं, "विक्रीच्या सर्व ऑर्डरी देते." दुसऱ्याचं, "राखीव यादी." बस्स, एवढंच.

"सर्व कुठे देतं ते?" पुंजाराम म्हणाले. "नवीन पोरगं टेबलावर बसवलं, तर ते निदान मला विचारेल तरी."

"हा नाही विचारत. जे लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक. तुम्ही सांगा, मी लिहिते."

पुंजारामांनी चष्मा पुसला आणि सावकाश सांगू लागले. "हे टूल फक्त मुख्य यादीतल्या ऑर्डरी देतं. ग्राहकाने ऑर्डर दिली, पण तारीख पुढची टाकली, तर ती इथे दिसणार नाही. म्हणून इथे सापडली नाही तर राखीव यादीचं टूल वापरायचं. दोन्हीकडे नसेल, तरी 'ऑर्डर नाही' म्हणायचं नाही. 'मला सापडली नाही' म्हणायचं आणि काम माणसाकडे द्यायचं."

तेवढ्यात मनोजशेठ आले. सगळं ऐकून म्हणाले, "वर्णन सुधारा, चांगलंच आहे. पण त्या बाईंना सांगा, कॉम्प्युटर चुकला. विषय संपला. मशीनला काय, अब्रू आहे का?"

पायल हसली. पुंजाराम हसले नाहीत. खोटं बोलणार नाही, हे शील ते रोज सकाळी म्हणत आले होते. दुकानदारांच्या सांगण्यावरून तारीख पुढे टाकली, त्यात खोटं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण ललिताने सांगितलं नव्हतं. तिच्या ऑर्डरीचा दिवस त्यांनी परस्पर बदलला होता, आणि थापाडी ती ठरली होती.

"शेठ, मशीनने जे दिसलं ते सांगितलं," ते म्हणाले. "लपवून मी ठेवलं होतं."

मनोजशेठ मान हलवून निघून गेले.

शुक्रवारी बैठकीच्या वेळी पुंजारामांनी ललिताला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवायला सांगितलं. "बायांनो, मी कारखान्यातला पुंजाराम. ललिताताईंनी ऑर्डर दहा दिवसांपूर्वीच दिली. मी त्यांना न विचारता ती मागे ठेवली. चूक माझी आहे, त्यांची नाही."

मग एक म्हातारा आवाज आला, गटातल्या फुलाबाईचा. "मंग आमची ललिता खरं बोलत व्हती तर."

"हो. खरं बोलत होत्या."

"तारीख मंग ज्या दिशी तिनं सांगितलं त्याच दिसाची घाला. आमच्या कामाला कसला पितृपक्ष."

पुंजारामांनी तिथल्या तिथे तारीख बदलली आणि पायलला शोधून बघायला सांगितलं. एजंटने या वेळी गटाचं नाव, गिरणी आणि खरा दिवस, सगळं दाखवलं.

राखीव यादीत अजून अठरा नावं होती. कोणी स्वतः तारीख पुढची मागितली होती आणि कोणाची आपणच टाकली, हे आता आठवणीवर सोडायचं नव्हतं. त्यांनी पहिलं नाव काढलं आणि नंबर फिरवला. "नमस्कार. तुमच्या ऑर्डरीची तारीख कोणती लिहू, ते विचारायला फोन केला."